काळ्याखालचा काळा

जुन्या गाडीचा रंग पाण्याच्या पेपरने घासायला घेतला की एका ठिकाणी पत्रा उघडा पडतो आणि त्याच्याभोवती एकात एक कडी उमटतात. सगळ्यांत आत पत्रा, मग प्रायमर, मग पहिला रंग, लांबी, दुसरा रंग, तिसरा. पोथीच्या पानावर खाडाखोड करून पुन्हा लिहिलेला मजकूर वाचायची मला सवय आहे, त्यामुळे ही कडी दिसल्यावर माझा हात थांबला. माझा पुतण्या मात्र घासतच होता. त्याला दुपारपर्यंत डावं दार संपवायचं होतं.

गाडी वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९८३ची. वडिलांनी १९९१ साली ती मुंबईहून जुनी म्हणून घेतली आणि चालवत साताऱ्याला आणली. तेव्हा ती मळकट पांढरी होती. घरात तिची एक कथा होती: एका पारशी डॉक्टरची, एकहाती वापरलेली गाडी. ही कथा मी लहानपणापासून नसली तरी तरुणपणापासून ऐकली आणि पुढे स्वतःही सांगितली. वडील गेल्यावर गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. पुतण्याला ती सॅटिन काळी हवी होती. म्हणजे आरशासारखी चकाकणारी नाही आणि फळ्यासारखी मंदही नाही, मधली. गॅरेजवाल्याने डेंटिंग-पेंटिंगचे साठ हजार सांगितले. आम्ही दहा हजारांत घरीच करायचं ठरवलं.

दारावर खालून वर असा क्रम निघाला: राखाडी प्रायमर, काळा, लांबी, हस्तिदंती, पांढरा. काळ्याने काही सिद्ध होत नाही, खासगी गाड्याही काळ्या असत. पण छतावर पांढऱ्याखाली पिवळा लागला. पिवळट प्रायमरही असतात, म्हणून मी घाई केली नाही. समोरच्या काचेचं रबर काढलं. त्याखाली ऊन न लागलेला पट्टा होता आणि त्यावर राखाडी प्रायमर, त्याच्या वर चकचकीत पिवळा. तो पिवळा छताच्या कडेच्या पन्हळीशी थांबत होता, आणि पन्हळीच्या खाली काळा सुरू होत होता. डाव्या बाजूला, काचेजवळच्या पत्र्यात लांबीने बुजवलेली दोन भोकं सापडली. मुंबईच्या जुन्या टॅक्सीचा मीटर बाहेर, डाव्या अंगाला बसवलेला असे, हे तिथे राहिलेल्या कुणालाही आठवेल.

पारशी डॉक्टर तिथेच संपला.

मग मी नेहमीप्रमाणे कामाऐवजी वाचायला बसलो. काळ्या रंगाच्या गाड्यांची गोष्ट अशाच एका सोयीच्या कथेपाशी येऊन अडते. हेन्री फोर्डचं ते गिऱ्हाइकाला हवा तो रंग मिळेल, फक्त तो काळा असावा अशा अर्थाचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं. ते त्याच्या १९२२ साली आलेल्या आत्मचरित्रात आहे आणि आपण ते १९०९मध्ये बोललो असं तो तिथे सांगतो. पण मॉडेल टी १९०८च्या ऑक्टोबरात बाजारात आली तेव्हा ती लाल, हिरव्या, करड्या अशा रंगांत मिळत होती. काळी तर सुरुवातीला नव्हतीच. फक्त काळीच मिळण्याचा काळ साधारण १९१४ ते १९२५. त्यानंतर रंग परत आले.

काळाच का, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे तो लवकर वाळतो. हे उत्तर इतकं नेटकं आहे की कुणी तपासत नाही. त्या गाडीच्या वेगवेगळ्या भागांना तीसहून जास्त प्रकारचे काळे रंग लागत. काही बुडवून, काही ओतून, काही ब्रशने. मडगार्डसारखे पत्र्याचे भाग डांबरी एनॅमलमध्ये बुडवून भट्टीत भाजत. डांबर, म्हणजे गिल्सोनाइट नावाचं युटामधलं खनिज डांबर, मुळातच काळं. त्याचा पांढरा रंग कसा होणार? पण गाडीच्या वरच्या साट्याचा सांगाडा लाकडी होता. तो भट्टीच्या कडक आचेत घालता येत नव्हता. म्हणजे भट्टीचा वेग निम्म्या गाडीला लागूच नव्हता. माझ्या मते खरं कारण साधं आहे: काळा स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि लाखो गाड्या काढायच्या तर एकच रंग सांभाळणं परवडतं. ८५० डॉलरची गाडी पुढे ३००च्या खाली आली ती अशाच काटकसरीतून. पण ‘पैसे वाचत होते’ यात गोष्ट नाही. ‘लवकर वाळत होता’ यात आहे.

या काळ्या भाजणीला इंग्रजीत जपानचं नाव होतं. जपानी कारागीर उरुशी झाडाच्या चिकापासून जो काळा लेप देत, त्याची युरोपात डांबर आणि जवसाच्या तेलाने नक्कल झाली. गंमत अशी की अशा लेपांना इंग्रजी ज्या शब्दाने ओळखते तो ‘लॅकर’ आपल्या लाखेवरून, संस्कृत लाक्षेवरून, पोर्तुगीजांमार्फत गेलेला. उरुशीत लाख नसते. सावंतवाडीच्या गंजिफांवर असते. शब्द एकाचा, वस्तू दुसऱ्याची, नाव तिसऱ्याचं. अशा ठिकाणी मी फार वेळ घालवतो, हे पुतण्याचं म्हणणं बरोबर आहे.

काळ्याची सद्दी मोडली ती दारूगोळ्याने. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचे, म्हणजे स्फोटक कापसाच्या जातीच्या रसायनाचे, प्रचंड कारखाने उभे केले. युद्ध संपल्यावर त्याचं करायचं काय? त्यातून निघालेला रंग १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर निळ्या छटेत आला. पूर्वी गाडी रंगवायला आठवडे लागत, आता दिवस पुरू लागले. त्या रंगाचं व्यापारी नाव ड्युको. आपल्याकडे सुतार कपाटाला ‘ड्युको मारतो’, गॅरेजवाला मडगार्डला मारतो, आणि डबा कोणत्याही कंपनीचा असला तरी शब्द तोच. वडिलांच्या तोंडीही होता.

मंद काळ्याची हौस आणखी नंतरची. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड कापून-जोडून पळवत. इंजिनावर पैसे संपले की गाडी प्रायमरवरच फिरे. पुढे हीच कडकी शैली झाली. प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि खालचा पत्रा गंजतो. म्हणून सॅटिनचा खरा रंग वेगळा करावा लागतो. रंगात सिलिकाची बारीक पूड घातली की वाळताना पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि प्रकाश आरशासारखा न परतता विखुरतो. काळेपणा देतो कार्बन, म्हणजे काजळीच. समईवर वाटी धरून आजी काजळ करायची त्याच कुळातली.

सॅटिनची अडचण रंगवतानाच कळते. चकचकीत रंगावर धूळ बसली तर घासून पॉलिश करता येतं. सॅटिन घासलं की तिथेच चकाकतं, आणि तो डाग जात नाही. शेवटचा हात एका दमात, एकाच डब्यातून, कड ओली असतानाच पुढे जात द्यावा लागतो. हार्डनरचा दोन भागांचा रंग जास्त टिकतो, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट. बाहेरून हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय तो घरी फवारू नये. आम्ही दारांना लावतात तो सॅटिन सिंथेटिक एनॅमल घेतला, टर्पेंटाइनने पातळ केला आणि फोमच्या रोलरने पाच हात दिले. आधीच्या चार हातांमध्ये पाण्याचा पेपर, पाचव्यानंतर काही नाही. जुन्या पिवळ्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून छत कोरडं घासायचं नाही, एवढं मी पुतण्याकडून कबूल करून घेतलं होतं.

पण रोलर हातात घेण्याआधी एक काम होतं. आई आता ब्याऐंशीची आहे. शेवगा निवडत बसली होती. मी छताचा पिवळा सांगितला, भोकं सांगितली.

“मग टॅक्सीच होती ती,” ती म्हणाली. “मीटर काढला तेव्हा मी तिथेच उभी होते.”

“आणि पारशी डॉक्टर?”

“ते यांनी तुझ्या आत्याला सांगितलं. तिच्याकडे तेव्हा नवी मारुती आली होती.” शेंग मोडून ती म्हणाली, “अरे, पैसे तेवढेच होते.”

मी आणखी विचारलं, टॅक्सी कुणाची होती, कुठल्या स्टँडवरची. वांद्र्याच्या एका माणसाची, त्याची पोरगी लग्नाची होती, एवढंच तिला आठवत होतं. वडिलांनी दोन दिवस त्याच्याकडेच मुक्काम केला होता म्हणे. हे आम्हाला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

पुतण्याशी माझा थोडा वाद झाला. भोकं पुन्हा नीट भरून गुळगुळीत करावीत असं त्याचं मत, तशीच ठेवावीत असं माझं. शेवटी भोकं भरली, कारण पाणी आत जाऊन पत्रा कुजला असता. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र तळहाताएवढा तुकडा टेप लावून सोडला आहे. तिथे सगळे थर कडीकडीने दिसतात. काचेच्या रबराखालचा पिवळा पट्टाही घासला नाही.

गाडी रंगवून अकरा दिवस झाले. उजव्या दारावर एके ठिकाणी रोलरची कड वाळल्यामुळे पट्टा उठला आहे, तो तिरप्या उन्हात दिसतो. नोंदणी पुस्तकात रंगाच्या रकान्यात अजून ‘पांढरा’ आहे. तो बदलायला पुतण्या सोमवारी आरटीओत जाणार आहे.