कोठडीवर केंद्राची पाटी

‘व्यसनी मुलाला तुरुंगात कशाला टाकता? सहा महिने सक्तीने व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा.’ हे मत आता अनेकांना मान्य आहे. नागपूरच्या रामदासपेठेसारख्या दवाखान्यांनी गजबजलेल्या वस्तीत मुलाला घेऊन हिंडणाऱ्या आईबापांना तर ते तारकच वाटते. त्यांची हतबलता खरी आहे, पण हा उपाय मला मान्य नाही.

पूर्वपक्ष असा: तुरुंगात व्यसन सुटत नाही, व्यसनी आपण होऊन उपचार घेत नाही, म्हणून सक्ती हवी. यातले पहिले विधान निर्विवाद. दुसरे अर्धेच खरे. बहुतेक जण बायकोच्या, नोकरीच्या किंवा पोलिसांच्या धाकानेच दवाखान्याची पायरी चढतात. पण धाकाने आलेल्या माणसापुढेही निवड उरते, कुलूपबंद माणसापुढे ती उरत नाही. या दोन गोष्टी एकच मानल्या की तिसरे विधान आपोआप सिद्ध झाल्यासारखे भासते.

आपल्या कायद्याने हा भेद 1985 पासूनच ओळखला आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 39 खाली न्यायालय दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला शिक्षेऐवजी उपचारांना पाठवू शकते, पण तिच्या संमतीने. कलम 64अ प्रमाणे अल्प प्रमाणाच्या प्रकरणात (हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत, गांजा 1 किलोपर्यंत) आरोपी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल तर खटल्यातून सुटतो. ते अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. धाक आहे, डांबणे नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था येतात. तिथे इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर जिवाला किंवा इतरांना धोका अशा ठरावीक अटी लागतात, आणि मुदत सुरुवातीला 30 दिवसांचीच.

‘निदान तेवढे महिने तरी तो वाचेल ना?’ या प्रश्नाचे उत्तर कठोर आहे. ब्राऊन शुगर काही महिने बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर येताच जुन्याच मात्रेने माणूस दगावू शकतो. ओढ आवरणारे ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध आणि नियमित पाठपुरावा नसेल तर कुलूप उघडण्याचा दिवस हाच सर्वांत धोक्याचा. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 12 संस्थांनी सक्तीची केंद्रे बंद करा, असे एकमुखाने सांगितले. 2016 मधील एका संशोधन-आढाव्यालाही अशा सक्तीचा फायदा दाखवणारा भक्कम पुरावा सापडला नाही.

निवासी उपचारांना माझा विरोध नाही. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभे केलेले मुक्तांगण निवासीच आहे. पण तिथला भर समुपदेशनावर, कुटुंबाला सोबत घेण्यावर आणि नंतरच्या पाठपुराव्यावर आहे.

म्हणून नागपुरातल्या वकील मंडळींना विनंती: अशील व्यसनी असेल आणि प्रकरण अल्प प्रमाणाचे असेल, तर जामिनाच्या अर्जासोबत 64अ चा पर्यायही त्याला समजावून सांगा. त्याने होकार दिला तर न्यायालयापुढे तो पहिल्याच तारखेला मांडा.