वलंदेज मूळपुरुष आणि आमचा शजरा

वलंदेज हा शब्द आता मराठीत फारसा कुणी वापरत नाही. आमच्या वर्गातल्या मुलांना तर ते एखाद्या मिठाईचे नाव वाटते. पण दोन-तीनशे वर्षांपूर्वी कोकणपट्टीत हा शब्द रोजच्या वापरातला होता. हॉलंडच्या लोकांना पोर्तुगीज ‘ओलांदेझ’ म्हणत, त्याचेच मराठीत वलंदेज झाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही टोपीकरांमध्ये वलंदेजांची गणना आहे.

आमच्या आजोळी हा शब्द वेगळ्या कारणाने टिकून राहिला. आजोळ वेंगुर्ल्याकडचे, कोकणी मुसलमानांचे. घरात घाऱ्या डोळ्यांचे मूल जन्मले की म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, ‘‘वलंदेजावर गेलं.’’ म्हणजे फार मागे कुणी एक वलंदेज आला, मुसलमान झाला, इथेच निकाह करून राहिला आणि त्याच्यापासून हे खानदान वाढले. त्याचे नाव कुणाला सांगता येत नसे. आता घारे डोळे हाच पुरावा धरायचा तर निम्म्या चित्पावनांनाही हॉलंडचे म्हणावे लागेल, आणि ते काही त्याला राजी होणार नाहीत! पण डोळ्यांचे सोडून दिले, तरी कथा अगदीच हवेतली नाही.

डच कंपनीने वेंगुर्ल्यात पाय रोवले ते १६३७ मध्ये. त्या साली योहान वान ट्विस्ट हा कंपनीचा वकील विजापूरला मुहम्मद आदिलशहाच्या दरबारी गेला आणि वेंगुर्ल्यात वखार घालण्याची परवानगी मिळाली. दोघांचाही स्वार्थ होता. गोव्याचे पोर्तुगीज दोघांच्याही डोळ्यांत सलत होते. कंपनीची जहाजे त्या काळात दर हंगामात गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून उभी राहत. त्यांना तांदूळ, पाणी, सरपण लागे, ते वेंगुर्ल्याहून मिळे. शेकडो खलाशी आणि शिपाई या बंदरात उतरत, आजारी पडत, बरे होत. त्या वखारीचे पडके अवशेष वेंगुर्ल्यात आजही आहेत.

तेव्हा वलंदेज आणि आदिलशाही मुसलमान यांची गाठ पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. वखारीच्याही आधी, हार्लेम शहराचा कॉर्नेलिस हेडा नावाचा चित्रकार दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता. १६२२ मध्ये मरेपर्यंत तो विजापुरातच राहिला. धर्म बदलून इथे मिसळून गेलेल्या फिरंग्यांची उदाहरणे तर त्याहून जुनी आहेत. १५१० नंतर गोव्याच्या लढायांत काही पोर्तुगीज शिपाई आदिलशाही सरदार रसूलखानाला जाऊन मिळाले आणि मुसलमान झाले. त्यांच्यातला फर्नांव लोपिश पुढे पोर्तुगीजांच्या हाती लागला. अल्बुकर्कने त्याचे नाक, कान आणि उजवा हात कापून त्याला जिवंत सोडले. स्वदेशी परतताना तो वाटेत सेंट हेलेना या निर्जन बेटावर उतरला आणि उरलेले आयुष्य बहुतेक तिथेच एकट्याने काढले. धर्म बदलून इकडे राहणाऱ्याला काय मोल द्यावे लागे, ते यावरून कळावे.

मग असा माणूस कागदात सापडतो का? डच कंपनी हिशेबाला फार कडक. प्रत्येक जहाजाची पगारवही असे. तीत माणसाचे नाव, जन्मगाव, पगार, कर्ज आणि शेवटी नोकरी कशी संपली याची नोंद: मेला, मायदेशी परतला की पळाला. या वह्यांतल्या सात लाखांवर नोंदी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर खुल्या केल्या आहेत. आमच्यासारख्या नाशिकच्या मास्तरालाही त्या घरबसल्या चाळता येतात. अडचण एवढीच की त्या वह्या बहुतेक १७०० नंतरच्या आहेत आणि वेंगुर्ल्याच्या वखारीचा भर सतराव्या शतकातला. आणखी एक गंमत. अठराव्या शतकातल्या वह्या पाहिल्या तर कंपनीच्या शिपायांत निम्म्याहून अधिक हॉलंडबाहेरचे, त्यांत जर्मन पुष्कळ. ज्याला आमच्या आजोळी वलंदेज म्हणतात, तो हॉलंड कधी न पाहिलेला एखादा जर्मन शेतकऱ्याचा पोरही असू शकेल.

चर्चच्या नोंदींचे तऱ्हा निराळी. कंपनीच्या चाकराला इथल्या बाईशी लग्न करायचे तर परवानगी लागे आणि बाई ख्रिस्ती असावी लागे. म्हणजे आधी तिचा बाप्तिस्मा, मग लग्न, मग मुलांचे बाप्तिस्मे. असे जे रीतसर राहिले ते वहीत उतरले. कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १७५१ ते १८०४ या काळातली बाप्तिस्म्यांची आणि लग्नांची डच वही जपलेली आहे. पण ज्याने उलट वाट धरली, स्वतःच कलमा पढून बायकोच्या घरात गेला, त्याला पाद्री कशाला लिहील? चर्चसाठी तो मेल्यात जमा, आणि कंपनीसाठी पळालेला. आमचा मूळपुरुष खरोखर झाला असेल, तर त्याचा चर्चमध्ये न सापडणे हेच साहजिक आहे.

आणि सापडलेल्या नावाने तरी काय सिद्ध होते? याचे उदाहरण आमच्या नाशकातच आहे. शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. हे शरणपूर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी वसवले. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे आणून ठेवली जात. त्यांना सुतारकी, लोहारकी शिकवत, बाप्तिस्मा देऊन इंग्रजी नावे ठेवत. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात डॉ. लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याने त्यांच्या शवपेटीला हात लावला. तो याओ जमातीचा. नाव मात्र अस्सल इंग्रज. त्याच्या नावावरून कुणी इंग्रज पूर्वज शोधू लागला, तर तो जन्मभर शोधतच राहील.

ज्यांच्यापाशी सत्ता होती त्यांची गोष्ट वेगळी. उट्रेख्टचा जॉन विल्यम हेसिंग डच कंपनीच्या फौजेतून सिलोनला आला आणि १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या चाकरीत शिरला. १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले तेव्हा हा वलंदेज त्यांच्या खास फौजेसह बरोबर होता. पुढे आग्ऱ्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता. तिथेच २१ जुलै १८०३ रोजी तो वारला. आग्ऱ्याच्या रोमन कॅथलिक कब्रस्तानात त्याच्या पत्नीने त्याची लाल दगडाची कबर बांधली, थेट ताजमहालाच्या घाटाची. मुलगा जॉर्जही शिंद्यांच्याच फौजेत. १८०१ मध्ये उज्जैनला यशवंतराव होळकरांनी त्याचा पराभव केला. कर्नलाचा ठावठिकाणा अशा रीतीने दगडावर राहतो. पळालेल्या शिपायाचा राहतो तो म्हातारीच्या बोलण्यात.

आमच्या शाळेत आम्ही मुलांना आपापल्या खानदानाचा शजरा लिहून आणायला सांगतो. निम्म्या वह्या अरबस्तानातून सुरू होतात, उरलेल्या इराण-तुराणातून. पिंजारी, बागवान, मोमीन कुणी असो, मूळपुरुष मात्र घोड्यावर बसून बाहेरून आलेला! आमच्या आजोळचा वलंदेज याच जातकुळीचा आहे, हे आम्हाला सांगितलेच पाहिजे. गोरा पूर्वज मिरवायला बरा वाटतो. भात लावणारी, मासळी वाळवणारी पूर्वज कुणाला नको असते. आणि एरवी आम्हाला कुणी ‘बाहेरचे’ म्हटले की आम्हीच उसळतो. तो वलंदेज समजा आलाच असेल, तर एकटा आला. त्याच्या मुलांना ज्या भाषेत अंगाई ऐकू आली, जे अन्न मिळाले, ज्या मातीत ती खेळली, ते सगळे त्या बाईचे होते. तिचे नाव विचारण्याची बुद्धी आजोळी कुणाला झाली नाही. आमच्या शजऱ्यात सगळे ‘बिन’, एकही ‘बिंत’ नाही.

निकाहनाम्याला मात्र वधूच्या नावाशिवाय चालत नाही. मेहर किती, साक्षीदार कोण, वकील कोण आणि वधू कुणाची मुलगी, हे लिहावेच लागते. म्हणून आम्ही आता शजरा बाजूला ठेवून आजोळच्या पेट्यांतले निकाहनामे गोळा करायला घेतले आहेत. कसरीने खाल्लेले, काही उर्दूत, काही मोडीत. नानीपासून सुरुवात केली. नानी कुणाची बिंत, तिची आई कुणाची. चार पिढ्यांची नावे लागली आहेत. चौघीही त्याच तालुक्यातल्या.