निद्रानाश आणि सर्पगंधा

नांदेड जिल्ह्यातील मुखेड हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असे. त्या संस्थानात युनानी वैद्यकास राजाश्रय होता. आयुर्वेदाची परंपरा तर त्याहून जुनी. झोप न येण्याच्या व्याधीस वैद्य निद्रानाश म्हणत, हकीम ‘सहर’ म्हणत. नावे निराळी, परंतु दोन्ही शास्त्रांचा पहिला प्रश्न एकच असे: झोप का गेली?

चरकसंहितेने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ मानिले. कामाचा व्याप, वार्धक्याचा काळ, एखादा विकार, मूळची प्रकृती आणि वायूचा प्रकोप ही निद्रानाशाची कारणे त्या ग्रंथात आली आहेत. उपायही त्यास अनुसरूनच आहेत: तैलाभ्यंग, स्नान, दूध, दहीभात, सुखकर शय्या आणि मनाचे स्वास्थ्य. हकिमांनी मेंदूच्या रुक्षतेस दोष दिला व बदामाचे तेल, खसखस यांची योजना केली.

या सौम्य उपायांपलीकडे एक प्रभावी वनस्पती देशात प्रचलित होती; ती म्हणजे सर्पगंधा, हकिमांची असरोल. बिहारकडे तिचे मूळ ‘वेडावरचे औषध’ म्हणूनच विकले जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातील क्षारतत्त्वे वेगळी केली व एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपला अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला, आणि हे देशी मूळ जगाच्या नजरेस आले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून ‘रिसर्पिन’ निघाले.

युरोपने तोवर झोपेची कृत्रिम औषधे शोधिलीच होती: १८६९ मध्ये क्लोरल, १९०३ मध्ये व्हेरोनाल. त्यांनी झोप येई. पण सवय जडे, आणि मात्रा चुकल्यास प्राणावर बेते. रिसर्पिनने मन शांत होई, परंतु १९५४ पासून असे आढळू लागले की, मोठ्या मात्रेने दीर्घकाळ ते घेणारे काही रुग्ण खिन्नतेने ग्रासले जातात. हा संबंध कितपत निश्चित, यावर पुढे मतभेद झाले. तरी धडा स्पष्ट होता. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे हे खिन्नतेचेच एक लक्षण. तेव्हा मनास गुंगी आणणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे.

म्हणूनच आजचा वैद्य गोळीपूर्वी चौकशी करतो. झोपण्यास पुरेशी सवड असूनही आठवड्यातून निदान तीन रात्री, तीन महिने झोप येत नसेल अथवा टिकत नसेल, आणि दिवसाची कामे बिघडत असतील, तर त्यास जुनाट निद्रानाश म्हणतात. रुग्णाने दोन आठवडे झोपेची रोजनिशी लिहावी, अशी रीत आहे. घोरताना श्वास अडकतो काय, अंग दुखते काय, चहा वा मद्य किती, मनास कोणता घोर लागला आहे, हेही पाहावे लागते.

उपचारातही शिस्तीस अग्रमान आहे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितले की, झोप आल्यावरच अंथरुणावर जावे व न आल्यास उठावे. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये अंथरुणातील वेळच मोजका करण्याची पद्धत मांडली. या व विचारांना वळण लावणाऱ्या उपायांच्या एकत्रित उपचारासच प्रथम स्थान द्यावे, अशी शिफारस अमेरिकेच्या वैद्यमंडळाने २०१६ मध्ये केली. औषध त्यानंतर, आणि तेही वैद्याच्या देखरेखीखाली अल्पकाळ.

सर्पगंधेचे मूळ आज कोणी झोपेसाठी स्वमताने घेऊ नये. तिने रक्तदाब उतरतो आणि मनही खचू शकते. परंतु तिच्या इतिहासाने एक गोष्ट ठसविली आहे: जागरणाचे कारण न शोधता दिलेली झोप ही उसनी असते, आणि उसने कधीतरी फेडावेच लागते.