डिझाइनची पीएचडी : अर्जातला जुना प्रश्न

सेम्बावांग परिसरातल्या मराठी मंडळींत डिझाइनमध्ये दहा-पंधरा वर्षे काम केलेले लोक भेटतात. नोकरी स्थिरावली की एखाद्याच्या मनात पीएचडीचा विचार येतो. एनयूएस, एनटीयू, एसयूटीडी ही विद्यापीठे इथून एमआरटी आणि बसच्या अंतरावर. पोर्टफोलिओ तर तयारच असतो. गाडी अडते ती संशोधन आराखड्यापाशी. तुम्ही काय घडवले, हे दाखवता येते. पण तुम्ही काय शोधणार आहात, या प्रश्नाला उत्तर सुचत नाही. पगारावर तीन-चार वर्षे पाणी सोडायचे तर हा प्रश्न नीट समजून घेतलेला बरा. तो आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे.

वैद्यक, कायदा, तत्त्वज्ञान यांतल्या डॉक्टरेट शतकानुशतकांच्या. डिझाइनची मात्र अलीकडची. १९६२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डिझाइनच्या पद्धतींवर परिषद भरली. १९६६ मध्ये डिझाइन रिसर्च सोसायटी स्थापन झाली. १९६७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टला स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि पुढच्याच वर्षी तिथले ब्रूस आर्चर यांनी डिझाइन प्रक्रियेच्या रचनेवर प्रबंध सादर केला. आर्चर मूळचे इंजिनिअर. त्यांचा आग्रह असा की, डिझायनर जे निर्णय घेतो त्यामागची कारणे दुसऱ्याला तपासता आली पाहिजेत. आजच्या अर्जातला प्रश्न इथलाच.

भारतात याच सुमारास पाया घातला जात होता. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचे मनापासून कौतुक केले. हा आकार एका कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरातून घडला आहे, हे त्यांनी ओळखले. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत आयडीसी. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि जर्मनीतले उल्म इथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांचा आयडीसीच्या उभारणीत मोठा वाटा होता.

पण पदवी यायच्या आधी संशोधन नव्हतेच, असे मानणे चूक ठरेल. मराठी छपाईचेच पाहा. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार, मात्रा यांमुळे देवनागरीच्या जुळाऱ्याला रोमन लिपीच्या जुळाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त खिळे हाताळावे लागत. हे खिळे सुबक आणि वाचनीय कसे करायचे, यावर जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात जे काम केले, त्याचे नाव पुढे देशभर झाले. ते ज्ञान कारागिरांच्या हातात होते. बापूराव नाईक यांनी अशा ज्ञानाला ग्रंथरूप दिले. देवनागरी मुद्राक्षरांवरचा त्यांचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. पुढे आयडीसीत र. कृ. जोशी यांनी अक्षरांचा अभ्यास वर्गात आणि संगणकावर आणला. विंडोजवरचा ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. त्याच आयडीसीत गिरीश दळवी यांनी देवनागरी टाइपफेसचे वर्णन कसे करावे, या विषयावर पीएचडी केली. हातातले ज्ञान आधी पुस्तकात आले आणि मग प्रबंधात.

सेम्बावांगचा इतिहासही असाच हातांचा आहे. ब्रिटिश आरमारी तळावरची किंग जॉर्ज सहावा ही सुकी गोदी १९३८ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नान्यांग कला अकादमी स्थापन झाली तीही १९३८ मध्येच. पण गोदीतले ड्रॉइंग ऑफिस आणि अकादमीतला चित्रकलेचा वर्ग ही दोन वेगळी जगे होती. १९६८ मध्ये ब्रिटिशांनी परतण्याची घाई केली आणि गोदीची सेम्बावांग शिपयार्ड ही कंपनी झाली. नव्या देशाला तेव्हा कुशल हात हवे होते, म्हणून डिझाइन इथे आधी व्यावसायिक शिक्षण म्हणून रुजले. एनयूएसमध्ये औद्योगिक डिझाइनचा विभाग १९९९ मध्ये आला, एनटीयूची कला, डिझाइन आणि माध्यम शाखा २००५ मध्ये, आणि एसयूटीडीत पहिले विद्यार्थी २०१२ मध्ये. म्हणजे अर्जदार ज्या दारावर उभा आहे, ते दारही फार जुने नाही.

ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कला-डिझाइनमधल्या संशोधनाचे तीन प्रकार मांडले: डिझाइनविषयी, डिझाइनच्या द्वारे आणि डिझाइनसाठी. पहिल्यात इतिहास आणि सिद्धान्त येतात. दुसऱ्यात करता करता शोध घेतला जातो आणि प्रयोगांची नोंद ठेवली जाते. तिसऱ्यात सगळे ज्ञान वस्तूतच राहते आणि म्हणून तोच सर्वांत वादाचा. अर्जदाराने आपला विषय कोणत्या खणात बसतो, हे आधी ठरवले तर निम्मे काम होते.

सिंगापूरच्या अधिकृत भाषा चार, पण लिप्या तीन: रोमन, चिनी आणि तमिळ. ‘स्टेशनवरचे फलक अधिक सुंदर करीन’ हा प्रकल्प झाला. ‘तिन्ही लिप्यांना सारखीच उंची दिली तर ज्येष्ठ प्रवाशांना कोणती लिपी लांबून वाचायला जड जाते, आणि का?’ हा प्रश्न झाला. पहिल्याचे उत्तर ग्राहकाला पटले की संपते. दुसऱ्याचे उत्तर दुसरा कोणीही तपासू शकतो, वापरू शकतो, खोडूही शकतो. जुळाऱ्यांच्या अडचणी माहीत असलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये.

असा प्रश्न हाती असला की बाकीचा अर्ज सोपा होतो. त्यावर काम करणारा मार्गदर्शक शोधता येतो, त्याला मोजके पत्र लिहिता येते, आणि पोर्टफोलिओतली तीसपैकी कोणती चार कामे ठेवायची, तेही कळते. प्रश्न नसेल, तर हातातले काम चालू ठेवावे आणि नोंदी ठेवाव्यात. ग्रंथ आणि प्रबंध यायच्या आधी निर्णयसागरचे खिळे वर्षानुवर्षे छापत होतेच.