पुनर्वसन कार्यकर्ता (कर्नाटक)
दिव्यांगांना सरकारी योजनांपर्यंत पोहोचवणारा, मानधनावर काम करणारा स्थानिक कार्यकर्ता. ग्रामपंचायत, तालुका आणि शहर यांसाठी वेगवेगळी पदे आहेत. नेमणूक बहुधा दिव्यांगांचीच होते, ही या व्यवस्थेची खरी जमेची बाजू. अशाच भूमिकेतला ऑस्ट्रेलियातील समन्वयक दिव्यांग व्यक्तीच्या नावे मंजूर झालेल्या निधीतून सेवा जुळवून देतो. भारतात तसा वैयक्तिक निधी नसल्याने या कार्यकर्त्याचे काम मुख्यतः कागदपत्रांचे. बंगळूरसारख्या शहरातील कुटुंबालाही आधी वैद्यकीय तपासणी, मग यूडीआयडी (दिव्यांग ओळख) कार्ड, नंतर दिव्यांग निवृत्तिवेतन हीच वाट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. बहुतेक लाभांना किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता वा बहुविकलांगता असल्यास ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. थेरपीचा खर्चही त्यात येतो. मात्र विम्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.