फिलिपाइन्समधील ‘देला क्रूझ’ : एका स्पॅनिश आडनावाचा प्रवास

स्पॅनिश भाषेत ‘दे ला क्रूझ’ म्हणजे ‘क्रुसाचा’. स्पॅनिश राजवटीत फिलिपाइन्समध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या स्थानिकांनी क्रूस, संत, जपमाळ यांवरून भक्तिभावाने नावे धारण केली. ही नावे कुळाची नव्हती. एकाच कुटुंबात भिन्न आडनावे असत आणि परस्परांशी काहीही नाते नसलेले हजारो लोक एकाच नावाने ओळखले जात.

करवसुली, न्यायदान, विवाहापूर्वीची नात्याची तपासणी या सर्वांत त्यामुळे गोंधळ होई. म्हणून गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी २१ नोव्हेंबर १८४९ रोजी फर्मान काढले आणि सुमारे ६० हजार आडनावांची वर्णानुक्रमी यादी प्रांतोप्रांती पाठविली. यादीची पाने गावागावांत वाटली गेल्याने काही गावांतील बहुतेक आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. आल्बाय प्रांतातील ओआस येथे ते अक्षर ‘र’ आहे. चार पिढ्या चालत आलेले आडनाव राखण्याची मुभा होती. मात्र ‘दे ला क्रूझ’ व ‘दे लोस सांतोस’ यांना ती स्पष्ट शब्दांत नाकारण्यात आली होती.

तरीही आज त्या देशात सर्वाधिक आढळणारे आडनाव ‘देला क्रूझ’ हेच आहे! ‘हुआन देला क्रूझ’ हे तर सामान्य फिलिपिनो माणसाचे प्रातिनिधिक नाव. त्यावरून स्पॅनिश रक्ताचा निष्कर्ष काढता येत नाही. गोव्यातील पोर्तुगीज आडनावांविषयीही हेच म्हणावे लागते. स्थलांतरितांबरोबर हे आडनाव कॅलिफोर्निया व हवाईत पोहोचले. तेथे ‘देला’ हे जोडून लिहिलेले असल्यास ते कुटुंब बहुधा मूळचे फिलिपिनो असते.