गांवांत आलेलें जाळें

हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेस वाहणाऱ्या वारणेच्या खोऱ्यांत १९९८ सालीं संगणकांचें जाळें विणण्याचा प्रयोग सुरू झाला. सरकारी साहाय्यानें सुमारें ७० गांवें वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याशीं जोडावयाचीं होतीं. उसाचें वजन, तोडीची पाळी व बिलाचा हिशेब गांवांतच कळूं लागला. ही लहानसहान गोष्ट नव्हे, आणि आम्ही तिला नांवें ठेवीत नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं सात गांवांत संगणकाच्या जागीं साधा मोबाईल ठेवून पाहिला, तों लघुसंदेशांवरही तेंच काम भागलें! जाळें गांवांत आलें, परंतु गांवाचें झालें नव्हतें. शेतकरी त्यांत केवळ गिऱ्हाईक होता.

कॅटलोनियांत २००४ सालीं निघालेल्या ‘गिफी’ जाळ्याची रीत निराळी. तेथें हौशी मंडळींनीं आपापल्या छपरांवर अँटेना उभारून शेजाऱ्यांस जोडून घेतलें. १९९८ सालीं हातकणंगल्यांत कोणास तशी हौस असती, तरी १८८५ चा तार कायदा आडवा आला असता. बिनतारी संदेशाची सत्ता सरकारचीच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी घराबाहेर विनापरवाना वापरण्याची मुभा मिळाली ती २००५ सालीं. वारणेकांठच्या प्रयोगास तोंवर सात वर्षें होत आलीं होतीं.